शेजारी बसवा

कारखाना विकला तेव्हा माग किलोवर गेले भंगारात,
आणि हा लॅपटॉप आमच्याकडे आला
आईच्या थकलेल्या दोन पगारांपोटी.
बिजागरी तुटलेली. मी टॉवेलची किनार फाडून बांधली.
रॅम दोन जीबी. विंडोज उघडेपर्यंत
भद्रावती पेठेत नळाला पाणी येऊन जातं.

मैनुद्दीन म्हणाला, "लिनक्स टाक की.
पण कुठलं?" आणि स्वतःच डोकं खाजवत बसला.
नव्या पेठेतल्या त्याच्या बाकड्यावर
चार पेनड्राइव्ह, सुतळीत ओवलेले.
"घरी ने. लावून बघ, बसवू नको लगेच.
दुकानदार चादर उलगडतो, तू हात फिरवतेस,
नाही आवडली तर घडी परत फळीवर. तसंच."

उबुंटू उलगडलं.
पंख्याने असा सूर धरला
की आई विडीचं सूप बाजूला सारून म्हणाली,
"माग लावलास का घरात?"
पपी टुणकन उठलं,
पण त्यातलं वायफाय कुठं लपलंय ते सापडेना.
डेबियनने इतकं विचारलं, इतकं विचारलं,
मला रेशन कार्डाची खिडकी आठवली.
मग मिंट, त्यातलं हलकं, एक्सएफसीईवालं:
मेनू डाव्या कोपऱ्यात, हात आपोआप जातो तिथं.
टर्मिनल उघडून मी माझं नाव लिहिलं.
उत्तर आलं, अशी कमांड नाही.
बरोबर आहे. कॉलेजातही जवळजवळ हेच.
बंद करून पुन्हा लावलं तर मला विसरलेलं,
ओळख रोज नव्याने.

त्रेचाळीस डिग्री. लॅपटॉपखाली शहाबादीचे दोन तुकडे.
चौथ्या दिवशी ठरलं, मिंटच.
पडद्याने विचारलं, डिस्क पुसू?

पुसण्याआधी बघावं म्हणून आत गेले.
सुताची बिलं, कुणाचे तरी तिरुपतीचे फोटो,
आणि एक फाइल: हजेरी.
येमुल नरसम्मा, गोंडे विभाग.
ह ह ह ह, ओळभर,
मग सलग अकरा खाडे. पगार कापला.
सहावीत होते मी. कावीळ. सिव्हिलचा तेरा नंबर वॉर्ड.

आईला आकडे येतात. तिने बोट टेकवत मोजले.
"बारा होते," म्हणाली.
"एक रंगय्या मुकादमाने भरला."
आणि परत पान कातरायला लागली.

खाली आणखी एक पर्याय होता, मी वाचलाच नव्हता:
पुसू नका, शेजारी बसवा.
एकशेसाठ जीबी. जागा होती की.

आता चालू केलं की काळ्यावर पांढऱ्या ओळी येतात,
वरची माझी.
दहा सेकंद थांबतं ते, मग माझ्याकडेच वळतं.
खालच्या ओळीवर मी एकदाच गेलेय,
आई म्हणाली म्हणून:
रंगय्याचे खाडे किती, बघ जरा.