माघारी

घरून निघतानाच फोनवर विचारलं होतं,
"चौतीस फुटी आहे. बसेल ना?"
पलीकडून आवाज, "बसंल की.
लई मोठाल्या गाड्या येत्यात हितं."
आता कळतंय, त्याच्या लेखी मोठाली म्हणजे
इनोव्हा.

चांदोलीच्या अलीकडं, रानाच्या कडेला
चार नंबरची जागा. दगडांची चौकट,
मधे सारवलेला चौथरा,
एका अंगाला हिरडा, दुसऱ्या अंगाला नळ,
आणि मागं उतार,
जो फोटोत नव्हता.

आमचे सर्जेराव आरशात बघतात.
एकतीस वर्षं इस्लामपूर डेपो.
स्वारगेटच्या फलाटाला म्हणे डोळे मिटून गाडी लावायचे.
कंडक्टर मी होते, मला विचारा.
डोळे उघडे असायचे, तोंडही.

भंगारात निघालेली गाडी लिलावात घेतली,
कराडला बॉडी बांधून आणली.
अकरा ते बावीस नंबरच्या सीटांवर आता पलंग,
ड्रायव्हरच्या पाठीशी शेगडी,
मागं न्हाणी, जिच्यात एका माणसाला
एकाच दिशेला तोंड करून उभं राहता येतं.
घंटीची दोरी मात्र मी काढू दिली नाही.

मी उतरते. ओठांत जुनी शिट्टी.
येऊ द्या.
येऊ द्या.
डावं मारा. अजून डावं. तुमचं डावं!
हिरड्याची फांदी टपावरची टाकी खरवडते.
बस्स!

तंबूतली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर येतात.
"काका, जरा पुढे घेऊन तिरकी आणा ना."
माघारी येणाऱ्या गाडीला
अख्खं गाव वाट दाखवतं.

सहाव्या खेपेला नळ वाकला.
सर्जेरावांनी इंजिन बंद केलं.
ही शांतता माझ्या ओळखीची.
मुलाच्या फ्लॅटमध्ये हॉलमधे पाय लांब केले
आणि सून अडखळली,
त्या संध्याकाळी हेच स्टिअरिंग धरल्यासारखे
दोन्ही हात पुढं ठेवून बसले होते.
दुसऱ्या आठवड्यात लिलावाची जाहिरात कापून आणली.

तेवढ्यात कोंडिबा आला, इथला राखणदार,
हातात बादली. गाडीभोवती एक फेरी मारली,
म्हैस विकत घेताना मारतात तशी.
"हितं न्हाई बसायची. ही पडवी हाय.
गाडी कायम तिकडनं वळायची."
"कुठली गाडी?"
"बैलाची. आमची."

मग म्हणाला, नळाकडं बघत,
"एक नंबर थोरल्या चुलत्याचा. दोन नंबर गोठा.
गाव उठलं तवा मी आठवीत हुतो."
एवढंच. बादली खाली ठेवली.

पाठ आमच्याकडं करून तो चालू लागला,
बैलांच्या पुढं चालतात तसा,
एकदाही मागं न बघता.
हिरड्याला वळसा, मग करवंदीच्या जाळीमागून
एक सपाटी, जिच्यावर नंबर नव्हता, चौकट नव्हती.
"चाक ह्या दगडावरनं घ्या.
त्यो हालत न्हाई. आज्ज्यानं बसवलाय."
चौतीस फूट माघारी आले, एका दमात.
झाडाला चार बोटं जागा राखून.
माझी शिट्टी तोंडातच राहिली.

रात्री रजिस्टर घेऊन आला.
'जागा क्रमांक' पुढं
बराच वेळ पेन टेकवून बसला,
मग आडवी रेघ मारली.
आमटी एका बाजूला कलली होती पातेल्यात,
तीच वाढली. दोनदा घेतली त्यानं.
सर्जेराव त्यांच्याच सीटवर पेंगत होते.

उतरताना दोरी दिसली त्याला.
"ओढू का?"
ओढा की, म्हटलं.

एकदाच ओढली.
दुसऱ्या घंटीची मी वाट बघत राहिले,
तो उतरून गेलाही.
आणि पुढं, झोपेतच,
सर्जेरावांचा पाय
बंद गाडीच्या ब्रेकवर गेला.