एकास आठ

साखरेचा खडा मार्चमध्ये सगळ्या गावाने चोखला,
शाळेच्या व्यायामशाळेत रांग लावून,
बर्फाचे बूट दाराशी काढून.
खड्यावर थेंब. थेंबात मवाळ केलेले
तीन जातींचे विषाणू.
हिल्का केम्पाइनेन, वय एकोणसत्तर,
तिने खडा पुढच्या दातांत धरला
आणि नर्सला विचारलं, कॉफी कुठाय?
(आमच्या फिनलंडात म्हातारी माणसं अशीच पितात,
बशीतून, दातांतल्या खड्यावरून गाळत.)
नर्स म्हणाली, आज नुसता खडा.
मग बोलावलंत कशाला, म्हणाली हिल्का, आणि गिळला.

हे मला फोनवर कळलं.
माझ्याकडे हेलसिंकीत माणसं येत नाहीत, नळ्या येतात:
एक खड्याच्या आधीची, एक चार आठवड्यांनंतरची.
नावाच्या जागी आकडा.

मग मी वाटे करते.
युद्धाच्या वर्षांत आई राईची भाकर करायची तसे:
अर्धी, चतकोर, नितकोर,
नितकोराचीही निम्मी.
एकास आठ, एकास सोळा, एकास बत्तीस,
पुढे पुढे खळग्यात रक्ताचा नुसता वास उरावा
इतकं पातळ.
प्रत्येकात तेवढाच विषाणू.
वर पेशी. झाकण. पाच दिवस.

सहाव्या दिवशी जांभळा रंग ओतून धुते.
पेशी जगल्या तिथे रंग धरतो,
मेल्या तिथे तळ कोरा.
शेवटचा जांभळा खळगा कुठला,
एवढंच मला विचारलेलं असतं.

एक्केचाळीस नंबर, आधीची नळी, पहिली जात:
ओळ संपली तरी जांभळंच.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
हा आउलिस, टपालवाला, हे मला माहीत असायला नको होतं,
पण त्यानेच फोन केला.
चोपन्न सालच्या ऑगस्टात सात दिवस ताप,
तेव्हापासून डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या.
बाई, माझं वाढलं का?
तिसऱ्या जातीचं वाढलं, म्हटलं. पहिल्याचं नाही,
वाढायला जागाच नव्हती.
तो इतका वेळ गप्प, की मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाला, म्हणजे पाय नेला
आणि पावती ठेवून गेला.
एकतीस वर्षं घरोघर पाकिटं वाटतोय,
हे एक माझ्याच नावचं होतं.

अठ्ठावन्न नंबरचं वेगळं.
तिसरी जात: आधी कोरं, नंतर कोरं.
पहिल्या खळग्यापासून कोरं.
अशा वेळी आम्ही शून्य लिहीत नाही,
आठपेक्षा कमी, असं लिहितो.
आठाच्या खाली आम्ही बघतच नाही.
तिथे काही असेलही, साताएवढं, तिनाएवढं,
किंवा आतड्यात असेल, रक्ताला न कळवता.
असं मी स्वतःला समजावलं,
सीरम गेलं असेल खराब म्हणून तिसऱ्यांदा लावलं,
आणि मग नर्सला फोन केला.

अठ्ठावन्न? थांबा.
पिर्क्को. ओंडके ओढायचं काम करतात ती.
नर्स जरा हसली, मग हसायची थांबली.
खिडकीतून दिसली होती मला, म्हणाली,
बाहेर तिचा घोडा बांधलेला,
अंगावर घोंगडी, नाकपुड्यांतून वाफ.
तिने हातमोजा काढला, तळहात पुढे केला,
घोड्याने मान खाली घातली.
मला वाटलं दुसरा कुठला खडा असेल.
रांग मोठी होती हो.

मी तुळतुळीत तासलेली पेन्सिल घेऊन
शेऱ्याच्या रकान्यापाशी बसून राहिले.
बाहेर चार वाजताच दिवे लागले होते का, आठवत नाही,
एप्रिल होता, नसतील.
पिर्क्कोचा तो उघडा तळहात, उणे पंधरामध्ये.
कोरे खळगे धुऊन पालथे घातले.
लिहिलं:
आठपेक्षा कमी. पुन्हा डोस द्यावा.
घोड्याशिवाय.