उडीची उंची

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
पान, फूल, साल, मूळ, चीक,
ज्या तांब्यात फुलं ठेवता त्यातलं पाणीसुद्धा.
मी विचारलं, आणि सावली?
त्या हसल्या नाहीत. मागे कुणाचं तरी वासरू हंबरत होतं.

मांदेली सावलीतच झोपते.
कण्हेरीखाली, गडग्याच्या चिऱ्याला पाठ लावून,
पिवळं पोट उन्हात, बाकीची आत.
नाव मी नाही ठेवलं. हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात
हिशेब लिहायचे तेव्हा, मासळीच्या टोपलीतून
फरशीवर निसटली, माशांबरोबर,
तेवढीच लांब, तेवढीच चकचकीत.
हमाल म्हणाले, बाई, ही एक मांदेली तुमच्या खात्यावर.

कण्हेर बाबांनी लावली.
खाऱ्या वाऱ्यात दुसरं काही टिकेना.
गुलाब करपला, अनंत करपला,
उरलंसुरलं सकीनाभाभींच्या शेळ्यांनी उरकलं.
बाबा म्हणाले, हिला शेळी तोंड लावायची नाही.
नाहीच लावलं. चाळीस वर्षं.
मांजराचा प्रश्न तेव्हा कुणी काढलाच नव्हता.

मग परवा पहाटे ओटीवर हिरवं ओकलेलं.
चष्मा लावला, इरकुटीच्या काडीनं उलगडून पाहिलं.
हरळी.
हरळी, आणि बांगड्याचा कल्ला.
माझे हात थरथरत होते ते थरथरतच राहिले,
आणि ही पायरीवर पंजा चाटत,
जणू ओकलं ते शेजारच्यांनी.

कोयती काढली.
मांजर किती उंच उडी मारतं?
भाभी म्हणाल्या, माळ्यावर बोंबील असले तर माळ्याइतकी,
नसले तर उंबऱ्याइतकीही नाही.
म्हणून छातीपर्यंत छाटली.
बोटांना चीक. दोनदा साबण,
तिसऱ्यांदा चुलीतली राख.

आता हा ढीग.
जाळायचा नाही, धूरही वाईट.
पऱ्ह्यात टाकायचा नाही, खाली ढोरं पाणी पितात.
समुद्राला दिलं असतं, पण ओहोटीला दिलेलं
भरतीला दारात येतं,
एवढं इथली शेंबडी पोरंही जाणतात.
शेवटी खड्डा. गुडघाभर जांभा फोडेस्तोवर
दीपगृहाचा दिवा लागला.

रोज हिचीच पाच फुलं मी देवाला वाहायचे,
आणि आदल्या रात्री ज्या तांब्यात ती ठेवायचे
तो ओटीवरच असायचा, उघडा,
मांदेलीच्या वाटीला खेटून.
हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही.

खड्ड्यावर भाभींनी अबोली लावून दिली.
बिनघोर राहा, म्हणाल्या, तुझ्या लेकीनं खाल्ली तरी चालेल.
तिनं खाल्ली नाही.
तीनदा उकरली.
चौथ्यांदा मी भोवती झावळ्या खोचल्या,
तेव्हा रागानं शेपूट उभारून निघून गेली
कण्हेरीच्या बुंध्याशी,
जिथं आता सावली विरळ,
चिऱ्याला पाठ लावून,
जागा तीच.

मी ओटीवरचा तांब्या उचलला,
ओतायला कुठं जावं ते ठरेना.
तेवढ्यात वारा सुटला, खाडीकडचा,
आणि वरून, माझ्या छातीच्याही वरून,
जिथवर कोयती गेलीच नव्हती,
एक गुलाबी फूल सुटलं
आणि अलगद येऊन बसलं
तिच्या दोन कानांच्या मधे.
ती झोपेत नाक हलवते आहे.
मी धावते आहे, तांब्या हातातच.