आधी रेघ

मोडी लिहिताना आधी रेघ ओढतात,
कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत.
मग तिला अक्षरं टांगत जातात,
हात न उचलता.

मला हे शाळेत नाही, दांडिया बाजारात एका जिन्याखाली
नाना खानविलकरांनी शिकवलं,
तपकिरीची शिंक आवरत.
नाना गेले. वाचणारे उरलो हाताच्या बोटांवर.
म्हणून निवृत्तीनंतरही दफ्तरातून बोलावणं आलं:
पानामागे अमुक रुपये, चहा दोनदा.

हितेशभाई स्कॅनरवर. मी शेजारी, भिंग घेऊन.
दिवसभर हत्तींचा चारा, मशालींचं तेल,
कुणाच्या मुंजीत किती शेर खडीसाखर.
तो विचारतो, "बेन, ओपन के क्लोज?"
मी म्हणते, ओपन.
हत्तींना काय लपवायचंय.

परवा गोजराबाईचा अर्ज निघाला.
गोजराबाई कोम रामजी, शिलेदाराची बायको.
अर्ध्या पानात काम सांगून झालं होतं.
उरलेल्या अर्ध्यात ते,
जे सांगितल्याशिवाय काम होणार नव्हतं.
आणि शेवटी समासात, आडवं, रेघ न ओढता:
हा मजकूर चौघांत वाचू नये.

पाठीमागे सहा कारकुनांचे शेरे.
पाहिले.
पाहिले.
पाहिले.
चौथ्याने एका ओळीखाली तांबडी शाई फिरवलेली,
नेमक्या त्याच ओळीखाली.
त्यानंतर आणखी दोघांनी पाहिले.
निकाल मात्र कुठेच नाही.

सातवी मी.

नियती पंड्या, विद्यापीठातली, केसांत पेन्सिल खोचणारी,
म्हणाली, "मावशी, हेही झाकलंत
तर इतिहासात नुसते हत्तीच उरतील."
रात्रभर मी मनात तिच्याशी भांडले
आणि दर खेपेला हरले.

मग मांजलपूरहून पणतू आला, जयसिंग,
वंशवृक्ष प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून.
"पणजीबाईंचं काहीतरी भारी सापडलंय म्हणतात.
वास्तुशांतीला फ्रेम करून लावतो."
मी त्याच्या हनुवटीकडे
जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

बघा, हनुवटीचं मी बोलायला नको होतं.
तुम्ही आता अंदाज बांधाल.
असंच होतं. पेटी कुणी फोडत नाही,
राखणाराच बोलता बोलता फट ठेवतो.
तर ऐका: गोजराबाई हे तिचं नाव नाही.
रामजीही नाही, मांजलपूरही नाही,
आणि हनुवटी होती की कान, ते राहू द्या.

शंभर वर्षं मोडी हेच तिचं कुलूप होतं.
कुणी लावलं नव्हतं,
लोक लिपी विसरत गेले तसं आपोआप लागत गेलं.
किल्ली माझ्या डोळ्यांत,
पानामागे अमुक रुपये.

जळू दे म्हणाली असती तर सोपं होतं.
पण तिने वाचू नये म्हटलं नाही,
चौघांत वाचू नये म्हटलं.
कुणीतरी एकाने वाचावं,
म्हणूनच तर लिहिलं.

आज सूचीत नोंद केली:
अर्ज, एक पान. बाईच्या स्वतःच्या हातचा.
प्रत निघणार नाही.
ज्याला हवा त्याने यावं, एकट्याने, समोर बसावं,
आधी समास वाचावा, मोठ्याने.
नंतरही वाचावंसं वाटलं, तर पान त्याचं.

नियतीला हे फार कमी वाटलं.
जयसिंगने विचारलं, फोटो तरी?
बरोबर केलं का, मला माहीत नाही.
तांबड्या शाईवाल्यालाही त्या दिवशी
आपण काम करतोय असंच वाटलं असेल.

हितेशभाईने पडद्यावर बोट फिरवलं,
वर, खाली, पुन्हा वर.
"बेन, मशीनमां एवुं खानुं ज नथी."

म्हटलं, पट्टी दे.
आणि जुन्या जाड वहीचं कोरं पान उघडून
या काठापासून त्या काठापर्यंत