त्रेचाळिसावी चिठ्ठी

हिवाळी मेळावा उरकला, दिवे उतरवले,
आणि बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या
मी टेबलावर ओतल्या.

'सूप कमी पडलं', असं सात जणांचं.
'अकॉर्डियन आवरा', एकाचंच,
पण तीन रेघा ओढून.
हाल्डिसच्या नातवाने नुसता देवमासा काढलेला.

माणसं मोजली होती बेचाळीस.
चिठ्ठ्या त्रेचाळीस.

जास्तीची ती बारीक, तिरक्या अक्षरातली:
'मी आले नाही. दारापर्यंत आले.
खुर्च्या दोन-दोन मांडल्या होत्या.'

खाली नाव नाही.
पण नॉर्वेच्या या टोकाला, एवढ्याशा बेटावर
अक्षर कुठे लपणार?

बर्फ तुडवत ओडलाऊगकडे गेले.
तिने कपाटातून एक कप काढला,
मग आठवून दुसरा.
चिठ्ठीचं मी काढलं नाही, तिनेही नाही.
लोकरीचे भाव झाले, बोटीचा उशीर झाला.
निघताना बूट चढवत विचारलं,
"एकच लांब टेबल घातलं तर? सगळ्यांना मिळून?"
ती म्हणाली, "एवढी चादर आहे का तुमच्याकडे?"

समितीच्या वहीत लिहिलं:
टेबल एक. सूप दुप्पट.
चादरी शिवून जोडणे.
अकॉर्डियनचं बघू.

यंदा माणसं एक्कावन्न, चिठ्ठ्याही तेवढ्याच.
एकीवर तेच तिरकं अक्षर:
'सूप खारट. बाक डुगडुगतो.
शेजारचा फार बोलतो.'

बाकाला खिळा ठोकला.
मिठाचं आर्न्फिनला सांगितलं.
शेजाऱ्याचं काय करायचं,
ते तिलाच विचारायला जाईन, कॉफीच्या वेळेला.