लाल हापसा

मैनोद्दीन मिस्त्रींनी आज पुन्हा
पारामागचा हापसा लाल रंगवला.
ही चौथी खेप.
नळ आठ दिवस आला नाही की
कुणीतरी दगडानं रंग खरवडतं,
दांडा हापसतं.
म्हणतं, पाणी तर काचेवानी हाय, इख कुठंय त्यात?

पाण्यात नाहीच दिसत.
दिसतं ते सरूबाईच्या एकमेकांवर आपटणाऱ्या गुडघ्यांत,
मान वळवायला अख्खा वळणाऱ्या बळीरामात,
आणि माझ्या लग्नाच्या फोटोत,
जिथं मी ओठ घट्ट मिटून उभी आहे.

हा हापसा मिस्त्रींनीच बसवलेला.
मी तेव्हा पाळण्यात होते.
दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं
तसं गावानं त्यांना खांद्यावर घेतलं,
गुलालानं माखलं.
तो सदरा म्हणे त्यांनी कधी धुऊ दिला नाही.

एकदा विचारलं मी,
चाचा, जिवाला लागत नाही का हे?
ते बराच वेळ पाना पुसत राहिले.
"तवा तहान मारू लागली होती, बाई.
तिला जवाब दिला. जवाब चुकला.
गणित चुकलं म्हणून
तुमी पोरांची पाटी फोडता का?"

मग ते तळ्यावरून पाइप आणायच्या मागं लागले.
ग्रामसभेत तीन वर्षं तेच एक भांडण.
व्हॉल्व्ह दोनदा चोरीला गेला,
दोनदा वर्गणी झाली,
दुसऱ्या वेळी वर्गणी देणाऱ्यांत
चोरही होता, असं सगळे हसून सांगतात.
अजूनही दर महिन्याला मिस्त्री
बाटलीत गावाचं पाणी भरून
एसटीनं नांदेडला जातात,
बाटली मांडीवर, झोपलेल्या लेकरासारखी.

आज तिसरीतली कौतिका
तोंडावर हात धरून आली.
दुधाचा दात पडला होता तिथं नवा फुटलाय.
मी तिला खिडकीशी नेलं,
ओठ वर केला.
पांढरा.
कडेला एक पुसट रेघ आहे, खोटं कशाला बोलू,
नळ बंद होता त्या उन्हाळ्याची असेल.
पण पांढरा!

हजेरीपटात याला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: एक.

मधल्या सुट्टीत पोरांना बजावलं,
हापशाचा रंग ओला आहे, कुणी हात लावायचा नाही.
तर सुट्टी संपल्यावर
सगळ्या वर्गाची बोटं लाल,
आणि एकाच्या गालालाही.