जुईनगरचा उकार

रात्री दीड ते साडेतीन, एवढाच वेळ दिलाय.
शिडी धरायला इर्शाद, तो उभ्या उभ्या झोपलाय.
मी पिवळा रंग खरवडतोय.
उद्यापासून इथे आधी विमा कंपनीचं नाव,
मग एक बारीक रेघ,
मग जुईनगर.

उकार तर कधीच गेलाय.
चार वर्षं लोक 'जईनगर'ला उतरले,
कोणी चुकलं नाही.

हसुराम पेंटरने काढला होता तो.
मी डबा धरायचो, बारा वर्षांचा.
म्हणायचा, उकार सगळ्यात शेवटी,
श्वास रोखून, एका दमात.
गळासारखा वळला पाहिजे रे,
तरच नाव अडकून राहतं.

वरच्या मजल्यावरचे गाळे तेव्हाही बंद होते.
भुयारी वाटेत पाणी तेव्हाही साचायचं.
त्याचं टेंडर अजून निघायचंय.

तिसऱ्या थराखाली, कोपऱ्यात,
नखाएवढं: ह. पा.
पुढे साल, पण ते गंजाने खाल्लंय.

खालून साहेब ओरडले,
बुडबुडा राहता कामा नये!

स्टिकर चढवला. फडक्याने दाबत गेलो
डावीकडून उजवीकडे,
कंपनीचं नाव, रेघ, गाव,
सगळं काचेसारखं सपाट.

त्या कोपऱ्यात तेवढी पाती चालवली नव्हती.
सकाळच्या उजेडात तिथे
जरासा उंचवटा दिसेल.
विचारलंच कोणी
तर सांगेन, पत्राच तसाय.